आधी हक्काचे, मग लोकांचे

पोरांनो, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढण्याआधी आणि क्यूआर कोड फिरवण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या. तुमच्या मित्राला ल्युकेमिया आहे, डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलंय आणि खर्चाचा आकडा ऐकून तुम्ही सगळे हबकला आहात. हबकणं साहजिक आहे. पण घाईघाईत काही करून बसाल, तर त्यातलं निम्मं नंतर निस्तरत बसावं लागेल.

मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नोकरी केली. पैशांसाठी कासावीस झालेली माणसं रोज समोर बसायची. तिथे एक गोष्ट पक्की कळली. उपचारांचे पैसे उभे करताना आधी कुणाकडे जायचं आणि नंतर कुणाकडे, यावर सगळं अवलंबून असतं. आधी हक्काचे पैसे, मग घरचे, मग संस्थांचे आणि सर्वांत शेवटी लोकांचे. हा क्रम चुकला की काही दारं बंद होतात. सरकारी निधी आणि न्यासांची मदत ही बहुतेक वेळा पुढे होणाऱ्या खर्चासाठी असते. बिल भरून मोकळे झालात की मग 'भरपाई द्या' म्हणून जाता येत नाही. लोकांकडून दहा लाख जमवून भरले आणि मागाहून समजलं की त्यातले पाच योजनेतून सुटले असते, तर ते पाच कुणी परत देत नाही.

आकडा कागदावर आणा

'वीसएक लाख लागतील म्हणे' हा आकडा नव्हे. रुग्णालयाच्या लेटरहेडवर, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह खर्चाचं अंदाजपत्रक घ्या. त्यात निदान, उपचार, किती दिवस दाखल राहावं लागेल आणि कोणत्या गोष्टीला किती, हे सुटं सुटं लिहिलेलं हवं. पुढे प्रत्येक दारात हाच कागद पहिला मागतील. त्याच्या मूळ प्रती दोन-तीन तरी घेऊन ठेवा, तारीख ताजी ठेवा.

मग विचारा, 'यात काय धरलेलं नाही?' हा प्रश्न फार मोलाचा आहे. ट्रान्सप्लांटमध्ये भावंडांची एचएलए जुळणी बघायच्या तपासण्या असतात, दात्याच्या तपासण्या आणि त्याचं दाखल होणं असतं. संसर्ग झाला तर आयसीयूचे जादा दिवस, महागडी अँटिबायोटिक्स, रक्तघटक, हे पॅकेजच्या बाहेर असू शकतं. आणि रुग्णालयातून घरी सोडलं म्हणजे खर्च संपला असं अजिबात समजू नका. ट्रान्सप्लांटनंतरचे पहिले 100 दिवस रुग्णालयाच्या जवळ राहावं लागतं. वरचेवर तपासणी, औषधं, स्वच्छ खोली, घरचं ताजं अन्न आणि सोबतीला एक माणूस लागतो. त्या माणसाचा पगार बुडतो, तोही खर्चच.

म्हणून दोन आकडे वेगळे लिहा. एक रुग्णालयाचा, दुसरा त्यानंतरच्या सहा महिन्यांचा. आणि शेजारी तारखा लिहा: दाखल होताना किती भरायचे, आठवड्याने किती, महिन्याने किती. सगळी रक्कम पहिल्या दिवशी लागत नाही. हे कळलं तरी छातीवरचं ओझं बरंच हलकं होतं.

दुसरं मत आणि दुसरा दर

'गरजवंताला अक्कल नसते' असं लोक म्हणतात. मला वाटतं, गरजवंताला वेळ नसतो. तो वेळ त्याच्यासाठी तुम्ही काढायचा आहे. सगळे रिपोर्ट, बायोप्सी, केसपेपर स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. कर्करोगाच्या बाबतीत टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून घरबसल्या घेता येतं. उपचार आजच्या आज सुरू करायचे असतील तर मतासाठी थांबू नका, पण डॉक्टरांना सरळ विचारा, 'आमच्या हातात किती दिवस आहेत?' बरेचदा केमोच्या पहिल्या फेरीचे आठवडे ही तुमची तयारीची मुदत असते.

दुसऱ्या मताबरोबर दुसरा दरही विचारा. खाजगी रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की फक्त खोलीचं भाडं बदलत नाही. सर्जनची फी, तपासण्या, ऑपरेशन थिएटर, सगळ्यांचे दर त्या वर्गाप्रमाणे चढतात. म्हणून स्वतंत्र खोली वैद्यकीय कारणाने आवश्यक आहे का, की केवळ सोयीची, हे स्पष्ट करून घ्या. ट्रान्सप्लांटच्या काळात एकांत लागतोच, पण आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत जनरल वॉर्ड चालत असेल तर तोच घ्या.

विमा: बारीक अक्षरं तुम्ही वाचा

मित्राच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम, त्याच्या बायकोच्या कंपनीचा, त्याने स्वतः काढलेला, आईवडिलांनी कधी काढून दिलेला, सगळ्या पॉलिसी एका टेबलावर आणा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही त्याहून महाग खोली घेतली, तर विमा कंपनी नुसता भाड्यातला फरक कापत नाही. बिलाच्या इतर बाबींनाही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते. अशी लाखालाखाची कपात मी कितीदा पाहिली आहे.

दुसरं, कंपनीच्या एचआरला 'कॉर्पोरेट बफर' आहे का ते विचारा. अनेक ग्रुप पॉलिसींमध्ये गंभीर आजारासाठी असा राखीव निधी असतो. कर्मचाऱ्याची नेहमीची रक्कम संपली की कंपनीच्या शिफारशीने त्यातून वाढीव रक्कम मिळते. बहुतेक कर्मचाऱ्यांना हे माहीतही नसतं. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विम्याचं, म्हणजे ईएसआयसीचं कार्ड आहे का ते बघा. दुय्यम उपचार तर मिळतातच, अतिविशेष उपचारांसाठीही ते मोठ्या रुग्णालयाकडे पाठवतात.

कॅशलेसच्या मंजुरीबाबत विमा नियामकाने 2024 मध्ये मुदती घालून दिल्या आहेत: अर्जावर एका तासात निर्णय, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी. काउंटरवर ताटकळत बसवलं तर हे शांतपणे सांगा. दावा नाकारला तर नकार लेखी घ्या. विमा लोकपालाकडे तक्रार करता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

सरकारी योजना: लाजू नका, हक्क आहे

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याला लागू नाही, ती फक्त गरिबांची, असा मध्यमवर्गीय घरांत मोठा गैरसमज आहे. पूर्वी तशी अट होती. 2023 च्या शासन निर्णयाने योजना राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक आणि अधिवास प्रमाणपत्र असलेल्या कुटुंबांना खुली झाली आणि आयुष्मान भारतच्या जोडीने संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत गेलं. पांढऱ्या रेशनकार्डावरही चौकशी करा. मात्र उपचार योजनेच्या यादीत हवा, रुग्णालय त्या उपचारासाठी अंगीकृत हवं आणि नोंद दाखल होतानाच व्हायला हवी. अंगीकृत रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. पहिली भेट त्यांची. माहितीसाठी 155388 हा क्रमांक आहे. रात्री-अपरात्री अवस्था बिघडली तर फोनवरून नोंद करून कागद मागाहून देण्याची सोय असते, तीही विचारा.

रुग्णालय सार्वजनिक न्यासाचं असेल, तर आणखी एक हक्क आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 मधलं कलम 41कक आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना 2006 पासून लागू आहे. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करावी लागते. निर्धनसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत आणि दुर्बल घटकासाठी 3 लाख 60 हजारांपर्यंत, अशी मर्यादा आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. मुंबई-पुण्यातली कित्येक नामांकित, काचेच्या इमारतींची रुग्णालयं धर्मादायच आहेत. बाहेरून बघून ओळखता येत नाही, म्हणून विचारायचं. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवून धरायचं नाही, आधी प्राण वाचवण्यापुरते उपचार करायचे, हेही याच योजनेत आहे.

मग मुख्यमंत्री सहायता निधी. ठरलेल्या गंभीर आजारांसाठी ही मदत मिळते. बोन मॅरो, यकृत, मूत्रपिंड, हृदय यांचं प्रत्यारोपण, कर्करोग, मेंदूचे आजार, भाजणं, अपघात असे बरेच त्यात येतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 1 लाख 60 हजार. अर्जासोबत अंदाजपत्रक, रिपोर्ट, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड लागतं. खाजगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते आणि अर्ज उपचार चालू असतानाच करावा लागतो. मुंबईला खेटे घालायची गरज उरलेली नाही, जिल्हाधिकारी कार्यालयातही याचे कक्ष सुरू झाले आहेत. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडेही हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंड प्रत्यारोपण, कर्करोग अशा उपचारांसाठी अर्ज करता येतो. आजार दुर्मीळ जनुकीय असता, तर मी तुम्हाला आधी मुंबईच्या केईएम रुग्णालयात पाठवलं असतं. 2021 च्या राष्ट्रीय धोरणातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी ते एक आहे आणि त्या धोरणातून 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आजच तलाठ्याकडे आणि सेतू केंद्रात माणूस पाठवा. सगळ्या अर्जांची गाडी हमखास याच एका कागदापाशी अडते.

बिल उतरवणं म्हणजेही पैसे उभे करणं

2021 मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीला स्नायूंच्या जनुकीय आजारासाठी परदेशातून औषध आणावं लागलं. किंमत सुमारे 16 कोटी. देशभरातल्या लोकांनी वर्गणी काढून ती उभी केली. पण त्यावर आयात शुल्क आणि जीएसटी मिळून सहा कोटींच्या घरात कर बसत होता. तो केंद्र सरकारने माफ केला, एका पत्रव्यवहारावर. सहा कोटींसाठी किती हजार लोकांपुढे पुन्हा हात पसरावे लागले असते, विचार करा.

तुमच्या आकड्यातही अशा जागा आहेत. डॉक्टरांना विचारा, या औषधाचं जेनेरिक चालेल का? कर्करोगाच्या औषधांत मूळ ब्रँड आणि जेनेरिक यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. काही औषध कंपन्या गरजू रुग्णांना ठरावीक डोस मोफत देतात, त्याचे फॉर्म डॉक्टरांकडून भरायचे असतात. काही सरकारी रुग्णालयांत 'अमृत' औषध दुकानं आहेत, गावोगाव जनऔषधी केंद्रं आहेत. रुग्णालयाबाहेरून औषध आणायची मुभा आहे का, हेही विचारा. आणि शेवटी बिलिंग विभागात बसून दर कमी करण्याची विनंती करा. नम्रपणे मागितलेली सवलत बऱ्याचदा मिळते, फक्त ती अंतिम बिल निघायच्या आधी मागावी लागते.

राहण्याचंही तसंच. परळला टाटा, केईएमच्या भोवती रुग्ण आणि नातेवाइकांसाठी स्वस्तात राहण्याच्या जागा आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. डॉक्टरांचं पत्र लागतं आणि रांग असते, म्हणून नाव आधी घाला. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, तिचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून मिळतो.

घरचे पैसे कुठवर

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. म्हणून घरच्यांसोबत बसून खरं काय आहे ते मांडा. आजारपणासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम काढता येते. एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज मिळतं. नोकरदारांच्या पतसंस्थेत तातडीचं कर्ज असतं. सोनं विकण्याऐवजी बँकेत तारण ठेवलं तर थोडं व्याज लागतं, पण मंगळसूत्र परत येण्याची वाट मोकळी राहते.

पण दोन गोष्टींना हात लावू देऊ नका. राहतं घर आणि पिकती जमीन. ती गेली तर बरा झालेला माणूस परत येणार कुठे आणि खाणार काय? घाईत विकलेली जमीन मातीमोल जाते, आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी 'मदतीला' येऊन उभा राहतो. महिना पाच टक्क्यांनी पैसे देणारा तर दारातच असतो. तसला कागद घरातल्या कुणालाही करू देऊ नका. हे सांगायला बाहेरचं, प्रेमाचं माणूस लागतं, आणि ते तुम्ही आहात.

संस्थांकडे जाताना

सिद्धिविनायक मंदिर न्यासासारखे मोठे देवस्थान न्यास आणि अनेक खाजगी धर्मादाय न्यास वैद्यकीय मदत देतात. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात अशा न्यासांची यादी असते, तीच सर्वांत विश्वासाची. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, पण कागद तेच. म्हणून एकच पक्की फाइल करा: अर्ज, अंदाजपत्रक, निदानाचा रिपोर्ट, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रुग्णालयाचा बँक तपशील आणि आतापर्यंत कुठून किती मंजूर झाले त्याचा तक्ता.

तो तक्ता कधी लपवू नका. एका न्यासाने 50 हजार दिले हे दुसऱ्याला कळलं तर तो देणार नाही, अशी भीती वाटते. उलट होतं. कुणीतरी कागद तपासून पैसे दिलेत हे दिसलं की दुसऱ्याचा विश्वास बसतो. न्यास एकमेकांशी बोलतात, हेही ध्यानात असू द्या.

त्याला विचारलंत का?

लोकांकडे जाण्याआधी मित्राला विचारा. त्याचा आजार, त्याचं नाव, त्याचा फोटो त्याचा आहे. किती सांगायचं आणि कुणाला, हे त्याने ठरवायचं. त्याची शुद्ध हरपलेली असेल तर बायकोने किंवा आईवडिलांनी ठरवायचं. केस गळलेला, नळ्या लावलेला फोटो टाकला की पैसे लवकर येतात असं कुणी सांगेल. टाकू नका. बरा होऊन ऑफिसात गेल्यावर तो फोटो प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असेल. त्याचा एखादा जुना, हसरा फोटो लावा, तोही त्याने हो म्हटलं तरच. मुलांचे फोटो नकोत. आधार, रिपोर्टावरचा पत्ता आणि फोन नंबर झाकल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नका.

आणि त्याला एक सांगा, 'पैशाचं आम्ही बघतो, तू फक्त औषध आणि जेवण बघ.' रोज किती जमले याचा आकडा त्याच्या कानावर घालत बसू नका.

लोकांकडे मागताना

ताकाला जाऊन भांडं लपवू नये. काय हवंय ते पहिल्या दोन ओळींत सांगा. समजा, रुग्णालयाचा अंदाज 18 लाख आणि पुढच्या सहा महिन्यांचे 4, म्हणजे 22 लाख. विम्याचे 7, घरचे 5, न्यासांचे 4. उरले 6. मग निरोप असा लिहा:

'आमचा वर्गमित्र (नाव), वय 34, याला ल्युकेमिया झाला आहे. (रुग्णालय) येथे (तारीख) रोजी बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरलं आहे. एकूण खर्च 22 लाख. विमा, घर आणि न्यास मिळून 16 लाखांची सोय झाली आहे. 6 लाख कमी पडत आहेत. त्यांपैकी 3 लाख (तारीख)पर्यंत लागतील. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर भरता येतील. अंदाजपत्रक सोबत आहे. दर रविवारी हिशेब कळवू. शंका असल्यास (दोन नावं, फोन).'

22 लाख मागणाऱ्याला लोक हळहळून सोडून देतात. 16 ची सोय करून 6 मागणाऱ्याच्या मागे उभे राहतात, कारण आपल्या दोन हजारांनी काम तडीला जाईल असं त्यांना दिसतं.

हा निरोप सगळीकडे सोडण्याआधी जवळच्यांना फोन करा. शाळा-कॉलेजचे वर्गमित्र, जुनं ऑफिस, सोसायटी, गणेशोत्सव मंडळ, गावची मंडळी, प्रत्येक गटासाठी त्या गटातलाच एक माणूस नेमा. फोनवरची पाच मिनिटं शंभर फॉरवर्डपेक्षा भारी. आकडा सांगून मागा: 'तुला पाच हजार जमतील का? नाही जमले तर हजारही चालतील.' काही जणांकडे पैसे नसतात, पण रक्त असतं, प्लेटलेट्स देता येतात, रात्रीची सोबत करता येते, डबा पोचवता येतो, मुलांना शाळेत सोडता येतं. ती यादीही ठेवा आणि त्यांनाही देणगीदारच माना.

कुणी 'नाही' म्हटलं तर कारण विचारू नका, मनातही धरू नका. त्याच्या घरात काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसतं. कुणी किती दिले याची नावानिशी यादी ग्रुपवर लावू नका. शंभर रुपये देणाऱ्याला मान खाली घालावी लागेल असं काही करायचं नाही.

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू अशा संकेतस्थळांवर जाणार असाल, तर चार गोष्टी विचारून घ्या: शुल्क किती, देणाऱ्याकडून आपोआप जोडली जाणारी 'टिप' शून्य करता येते का, जाहिरातीचा खर्च जमलेल्या रकमेतून कापतात का, आणि पैसे थेट रुग्णालयाला किती दिवसांत जातात. उत्तरं ईमेलवर घ्या. मोहीम गाजली की तिची नक्कल करून दुसराच क्यूआर कोड फिरवणारे भामटे असतात. प्रत्येक निरोपात खात्याचं नाव लिहा आणि 'पैसे पाठवण्याआधी नाव तपासा' अशी ओळ घाला.

हिशेब हा तुमचा धर्म

शक्य असेल तेवढे पैसे थेट रुग्णालयात भरायला सांगा. रुग्णालयांसाठी यूपीआयची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवलेली आहे. न्यासांचे पैसे तर तिकडेच जातात. बाकीच्या खर्चासाठी एक वेगळं खातं ठेवा, त्यात दुसरा व्यवहार नको. हिशेब तिघांनी बघायचा: एक जमा लिहील, एक खर्च करील आणि तिसरा, जो या दोघांचा खास दोस्त नाही, तो दर आठवड्याला ताळा घेईल. रिक्षापासून सलाइनपर्यंत प्रत्येक पावतीचा फोटो त्याच दिवशी काढा. रुग्णालयात भरलेल्या प्रत्येक आगाऊ रकमेची पावती रुग्णाच्या नावाने आणि नोंदणी क्रमांकासह घ्या. विम्याचे पैसे नंतर आले तर जादा भरलेली रक्कम रुग्णालय परत करतं, ती कुणाच्या खात्यात जाणार हे आधीच लिहून द्या.

कराचं बघा. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एखाद्याच्या खात्यात वर्षभरात मिळून 50,000 रुपयांहून जास्त रक्कम भेट म्हणून आली, तर सगळी रक्कम त्याचं उत्पन्न धरली जाऊ शकते. म्हणून तुमच्यापैकी कुणी स्वतःच्या बचत खात्यात लाखो रुपये गोळा करू नका. पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या सीएला विचारा. देणाऱ्याला आयकरात सवलत नोंदणीकृत संस्थेला दिल्यावरच मिळते, मित्राला दिल्यावर नाही. खोटं आश्वासन देऊ नका.

अमेरिका-इंग्लंडमधले तुमचे वर्गमित्र मदत करतीलच. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय योगदान ठरत नाहीत. ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलंय त्यांची गोष्ट वेगळी, परकीय योगदानाचा कायदा त्यांना परदेशी स्रोत मानतो. त्यांचा मार्ग सीएच्या सल्ल्याने ठरवा.

आणि सर्वांत अवघड गोष्ट. पैसे उरले तर काय, आणि मित्र हाती लागला नाही तर काय, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. 'उरलेली रक्कम पुढच्या औषधांसाठी, त्यानंतरही उरली तर त्याच रुग्णालयाच्या गरीब रुग्ण निधीला' अशी एक ओळ पुरते. अभद्र बोलल्यासारखं वाटेल, तरी लिहा. दुःखाच्या दिवशी पैशावरून कुजबूज झाली तर ती त्याच्या बायको-मुलांना भोवते. तसा दिवस आलाच, तर हेही लक्षात ठेवा: बिल थकलं म्हणून पार्थिव अडवून ठेवता येत नाही. 2021 मध्ये सुधारलेल्या राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे, तिच्यात हे स्पष्ट आहे.

उद्याची कामं

आता वाटून घ्या. एकाने सकाळी रुग्णालयात जाऊन लेटरहेडवरचं अंदाजपत्रक आणि तारखा आणायच्या, तिथेच आरोग्यमित्र आणि समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं. एकाने एचआर आणि विमा बघायचा. एकाने गावी फोन करून उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड मार्गी लावायचं. एकाने हिशेबाची वही आणि खातं उघडायचं. एकाने सीएला फोन करायचा. आणि एकाने यातलं काहीही न करता मित्राच्या उशाशी बसायचं, क्रिकेटवर, कॉलेजवर, हव्या त्या विषयावर गप्पा मारायच्या. हे काम रोज कुणाला तरी नेमून द्या, नाहीतर पैशांच्या धावपळीत त्याच्यापाशीच कुणी उरत नाही.

लोकांसाठीचा निरोप आत्ताच लिहून ठेवा, पण पाठवू नका. हक्काचे किती सुटतात ते चार-सहा दिवसांत कळेल. मग त्यात खरा आकडा भरा, मला एकदा वाचून दाखवा, आणि पाठवा. पहिली देणगी माझी धरा.